गोळ्यांचा डबा आणि आईच्या साठ हजारी पुड्या

निळी_शाई

आमच्याकडे फ्रिजवर श्रीखंडाचा एक किलोचा जुना डबा असतो. श्रीखंड संपल्यापासून त्यात गोळ्या राहतात. मागच्या महिन्यात तो ओट्यावर पालथा केला तेव्हा निघालेला ऐवज असा: बी१२च्या दोन स्ट्रिपा, कॅल्शियमच्या तीन (एक २०२२ मध्येच एक्सपायर झालेली), कोविडच्या वेळचं झिंक, चघळायच्या व्हिटॅमिन सीचा केशरी चुरा, लेकीच्या केसांसाठीच्या गमीज आणि आईच्या डी३च्या पुड्या. या शेवटच्या पुड्यांपायी आईला पाच दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. ते सांगायलाच धागा काढलाय. पण आधी माझं सांगते, कारण त्या पुड्या घरात आल्या त्या माझ्यामुळे.

दीड वर्षापूर्वी रात्री पायांना मुंग्या यायला लागल्या. मी शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते, म्हणून दुर्लक्ष केलं. मग एकदा शाळेच्या जिन्यात खाली पाहिलं तर डाव्या पायात चप्पल नाही. चार पायऱ्या वर राहिली होती आणि मला पत्ताच नव्हता. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली होती, साधं वरण झोंबायचं. वर्गात बोलता बोलता साधे शब्द सुचेनात. चाळिशीत हे असंच असतं अशी मैत्रिणींनी समजूत घातली.

रिपोर्टमध्ये बी१२ निघालं ११८. किमान २०० तरी हवं. हिमोग्लोबिनही कमी, आणि लाल पेशी मोजक्या पण आकाराने फुगलेल्या. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. अंडं-मासे खाता का? नाही. ॲसिडिटीची गोळी किती वर्षं चालू आहे? इथे मी गप्प झाले. सकाळी उठलं की दात घासावेत तशी मी तीन वर्षं ती गोळी घेत होते. एकदा पंधरा दिवसांसाठी दिली होती, पुढे माझी मीच आणत राहिले. अन्नातलं बी१२ प्रथिनाला धरून बसलेलं असतं, ते सुटं करायला पोटातलं आम्ल लागतं. आधीच माझ्या जेवणात बी१२ म्हणजे दूध-दह्यातलं तेवढंच, आणि ते सुटं करणारं आम्लही मीच बंद करून ठेवलेलं.

इंजेक्शनं झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. औषध अगदी कोकमाच्या सरबताच्या रंगाचं. तीन आठवड्यांत जीभ सुधारली. मुंग्या जायला मात्र सात-आठ महिने लागले, आणि डाव्या अंगठ्याचं टोक अजूनही जरा बधिरच आहे. नसांना फार उशीर झाला की सगळं भरून येतंच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

त्यानंतर मी प्रचारक झाले. स्टाफरूममध्ये, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, दिसेल त्याला 'बी१२ तपासून घे'. आई साताऱ्याला असते, वय ६९, गुडघे दुखतात. तिच्या मागे लागून सगळ्या तपासण्या करायला लावल्या. डी निघालं ११. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी लिहून दिली: आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. चिठ्ठी इंग्रजीत. 'दुधातून घ्या' एवढंच आईच्या लक्षात राहिलं, आणि दूध ती रोज घेते.

पहिल्या आठ पुड्या आठ दिवसांत संपल्या. तीच चिठ्ठी दाखवून पुढच्या आणल्या. दुकानात कुणी विचारलं नाही आणि फोनवर मीही विचारलं नाही. 'पुडी घेतेस ना?' 'घेते की, एक दिवस चुकवलेलं नाही.' हे मी कानांनी ऐकलं आणि मला बरं वाटलं. अडीच महिन्यांत सत्तर पुड्या. शिवाय कॅल्शियमची गोळी दोन वेळा, वेगळीच.

मग जेवण जाईना, मळमळ, पोट साफ होईना. सारखी तहान, रात्रीत पाच-पाच वेळा उठणं. आम्हाला वाटलं शुगर असणार, पण शुगर नॉर्मल. एका सकाळी तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली आणि आजोबा जेवले का म्हणून विचारलं. आजोबांना जाऊन तीस वर्षं झालीत. ॲडमिट केलं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम १३.४ (साडेदहाच्या आत हवं), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं आणि डीच्या रकान्यात आकडाच नाही, नुसतं '१५० पेक्षा जास्त'. पाच दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, जास्तीच्या डीनेच कॅल्शियम चढलं, आणि डी चरबीत साठून राहतं, पुड्या आज बंद केल्या तरी उतरायला काही महिने जातील.

आता बरी आहे. पण डोक्यातून एक जात नाही. माझ्या ॲसिडिटीच्या गोळीला आणि तिच्या पुडीला, दोन्हींना शेवटची तारीख होती. मी माझी विसरले आणि तिची तिला नीट कळलीच नाही. तुम्ही काय काय घेता? कुणी सांगितलं म्हणून? आणि बंद कधी करायचं ते विचारलं होतं का?

तात्या_कोरेगावकर

आईंना बरं वाटतंय हे वाचून हायसं वाटलं. पण मूळ मुद्दा असा की हे सगळं खूळ आहे. माझी आजी ९१ वर्षं जगली. बाजरीची भाकरी, ठेचा, ताक. तिला डी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आधी तपासण्या करायच्या, मग कमी निघालं म्हणायचं, मग विकायचं. पूर्वी नव्हत्या या भानगडी.

सोनचाफा

तात्या, तुमची आजी दिवसभर रानात उन्हात असायची. तुम्ही एसीत बसून हा प्रतिसाद टंकताय.

जुनी_कात्रणं

'पूर्वी नव्हत्या' यावर थोडं अवांतर. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली ती नेमक्या याच भानगडीसाठी. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर ॲनिमिया व्हायचा, त्यात कित्येक दगावायच्या. पेशी फुगलेल्या, धागाकर्तीच्या रिपोर्टसारख्याच. आधी वाटलं जंतू असेल. पण विल्सबाई त्या बायकांच्या ताटात काय पडतं ते बघत बसल्या. परळच्या हाफकिनमध्ये आधी उंदरांवर, पुढे माकडांवर प्रयोग केले. शेवटी गुण आला तो मार्माइटने, म्हणजे बिअरच्या यीस्टपासून करतात त्या काळ्या, खारट, स्वस्त चाटणाने. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यात नेमकं काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला. तेच फॉलिक ॲसिड. आज गरोदर बाईला पहिली गोळी मिळते ती हीच.

तेव्हा आपल्या आज्यांमधल्या ज्या ९१ वर्षं जगल्या त्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या, तात्या. ज्या तिसऱ्या बाळंतपणात गेल्या त्यांच्या नातवंडांना सांगायला गोष्टच नाही.

मेडिकलवाला

मिरजेत तेवीस वर्षं दुकान आहे. आईंच्या बाबतीत जे झालं ते वाचून अंगावर काटा आला, कारण हे कुठल्याही काउंटरवर होऊ शकतं. चिठ्ठीवर 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा आणि 'ओडब्ल्यू' म्हणजे आठवड्यातून एकदा. घाईत लिहिलेल्या अक्षरात दोन्हींत फरक तो काय. मी पुडीवरच मार्करने 'फक्त रविवारी' असं मराठीत लिहून देतो. चार पुड्यांच्या वर एका वेळी देत नाही. लोक चिडतात, 'पुन्हा हेलपाटा कशाला' म्हणतात.

काउंटरवरून दिसतं ते सांगतो. निम्मं गिऱ्हाईक 'ताकदीची गोळी द्या' एवढंच म्हणतं. कशाची ताकद, कुणाला, काही नाही. तोंड आलं की बी कॉम्प्लेक्सची कॅप्सूल, ती तर लोक नावानेच मागतात. दुसऱ्या दिवशी येऊन विचारतात, लघवी पिवळीधमक झाली, कावीळ तर नाही ना? नाही, ते बी२, जास्तीचं बाहेर पडतंय. हे पाण्यात विरघळणारे प्रकार निदान बाहेर तरी पडतात. पण तिथेही बी६ जपून. हातापायाला मुंग्या येतात म्हणून 'नसांची गोळी' वर्षानुवर्षं घेणारे आहेत. बी६ मोठ्या डोसमध्ये फार काळ घेतलं तर त्यानेच नसांना इजा होते आणि त्यानेच मुंग्या येतात. मग माणूस गोळी आणखी वाढवतो.

दुसरं, डब्याचं लेबल वाचा. जिममधले आणि ऑनलाइनवरचे बरेच डबे औषध म्हणून नाही, अन्न म्हणून परवाना घेऊन विकले जातात. 'औषधी वापरासाठी नाही' असं त्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि त्याच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात हाडं, केस, मेंदू सगळ्यांची हमी.

आणि कृपा करून लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नका, वर चहा तर नकोच. थायरॉईडची गोळी घेत असाल तर तिच्यात आणि या दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. एका वहिनींचा थायरॉईडचा डोस दोनदा वाढवला गेला. थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी त्या एकाच घोटात घेत होत्या.

सई_रत्नागिरी

लोहाबद्दल लिहायलाच लॉगिन केलं. शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळायची, आम्ही मुली ती खिडकीतून बाहेर टाकायचो. खिडकीखालची जास्वंद भारी फुलायची, ते सोडा. बावीसाव्या वर्षी हिमोग्लोबिन ८.१. वसतिगृहाचा तिसरा मजला चढताना दोनदा बसायचे. आणि एक वेडेपणा: पाटीवरची पेन्सिल आणि बर्फ खावासा वाटायचा. रोज फ्रीजरमधला बर्फ कुडुमकुडुम. मला वाटायचं सवय आहे, डॉक्टर म्हणाल्या हेही लोह कमी असल्याचं लक्षण.

गोळी सुरू झाल्यावर शौचाला काळं व्हायला लागलं. कुणी सांगितलंच नव्हतं. मी रडत आईला फोन केला की माझ्या पोटात रक्तस्राव होतोय. मग बद्धकोष्ठ आणि तोंडाला सतत खिळा चोखल्यासारखी चव. दहा दिवसांत बंद केली. पुन्हा दाखवल्यावर डॉक्टरांनी एक दिवसाआड घ्यायला सांगितलं. मला वाटलं माझ्या कुरकुरीमुळे सूट दिली. तसं नव्हतं. एक डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते दुसऱ्या दिवशी लोहाला आतड्यातच अडवतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या बायकांमध्ये दाखवलं की एक दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. (गरोदर असाल तर हे स्वतःच्या मनाने करू नका, तिथलं गणित वेगळं आहे.) रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, चहा दीड तासाने. चार महिन्यांत १२.३. डॉक्टरांनी पुढे आणखी तीन महिने चालू ठेवलं, साठा भरायला.

बर्फाची आठवण आपोआप गेली. कधी गेली तेही कळलं नाही.

हिमगौरी

एडिंबरोहून. इथे उलट प्रकार आहे. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात त्वचेला डी बनवता येत नाही, म्हणून त्या काळात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम डी घ्यावं असं सरकारच सांगतं. आपल्यासारख्या सावळ्यांनी वर्षभर घेतलेलं बरं. इथे डब्यावर मायक्रोग्रॅम, आपल्याकडे युनिट. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. म्हणजे इथला रोजचा डोस ४०० युनिट. आता साठ हजाराची पुडी त्या मापात धरून पाहा: १५०० मायक्रोग्रॅम. एका पुडीत पाच महिन्यांचा डोस. निळी_शाई, काकूंच्या सत्तर पुड्या म्हणजे इथल्या मापाने जवळजवळ २९ वर्षांचं डी, अडीच महिन्यांत.

आमच्या सासूबाई येताना दरवेळी बॅगेत मेतकूट, कोकमं आणि डीच्या वीस पुड्या आणतात. 'तिकडे ऊन नाही ना गं तुम्हाला.' आता त्यांना हा धागा वाचून दाखवणार आहे.

काचपट्टी

मी लॅबमध्ये काम करते. धागाकर्तीच्या डब्यातल्या गमीजबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. केसांच्या गमीजमध्ये बायोटिन असतं. शरीराला दिवसाला साधारण ३०-४० मायक्रोग्रॅम लागतं, आणि काही डब्यांत एका डोसमध्ये १०,००० असतं. त्याने केसांचं काय होतं ते राहू द्या, तपासण्यांचं काय होतं ते सांगते. आमच्याकडच्या बऱ्याच यंत्रांत हार्मोन मोजायच्या किटमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं, ते एका प्रथिनाला घट्ट चिकटतं या गुणासाठी. रक्तात बाहेरून आलेलं भरमसाट बायोटिन असलं की यंत्र फसतं. टीएसएच खोटंच कमी दिसतं, टी३-टी४ खोटंच जास्त. कागदावर पेशंटला थायरॉईड वाढलाय असं दिसतं आणि समोरची मुलगी ठणठणीत. अशीच एक मुलगी आली होती. तिची गोळी सुरू व्हायचीच बाकी होती. मी सहज विचारलं, केसांसाठी काही घेतेस का? तीन दिवस बंद करून पुन्हा रक्त घेतलं, सगळं नॉर्मल.

हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीतही हे होऊ शकतं, तिथे आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. रक्त द्यायला जाल तेव्हा कोणत्या गोळ्या घेता हे आपणहून सांगा. फॉर्मवर तो रकाना असतोच असं नाही.

तात्या_कोरेगावकर

हे लिहायचं नव्हतं, पण सौ. म्हणाल्या लिहा. मला बारा वर्षं मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू. धागा वाचून मुलाने बळंच बी१२ तपासून आणलं. १७१. मेटफॉर्मिनने बी१२ कमी होतं म्हणे. बारा वर्षांत कुणी बोललं नाही. मला काही त्रास नाही, पाय थोडे जळजळतात ते मधुमेहाने. पण माझा प्रश्न कायम आहे: पुण्यात तर म्हणे ज्याचं तपासाल त्याचं बी१२ कमी निघतं. सगळ्यांचंच कमी असेल तर 'नॉर्मल' नेमकं कुणाचं?

काचपट्टी

तात्या, प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर पुण्यातच काम झालंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. दोन-तृतीयांशांचं बी१२ कमी, आणि शाकाहार हे मोठं कारण. त्यांतले बहुतेक वरवर धडधाकट. पण त्यांनी नुसतं बी१२ मोजलं नव्हतं, होमोसिस्टीनही मोजलं होतं. बी१२ कामाला कमी पडलं की ते वाढतं, आणि निम्म्याहून अधिक जणांचं ते वाढलेलं होतं. म्हणजे सगळ्यांचं कमी आहे म्हणून ते चालतंय असं म्हणता येत नाही. तुमचा १७१ आणि पायांची जळजळ हे मात्र डॉक्टरांना एकत्र दाखवा. मधुमेहाची जळजळ आणि बी१२ची जळजळ पायाला वेगवेगळी कळत नाही. आणि मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, तुमचा भरवसा नाही.

तात्या_कोरेगावकर

भाकरी-ठेचा बंद करणार नाही. गोळी घेतो.

मेडिकलवाला

तात्या, किती दिवस ते विचारून घ्या. मेटफॉर्मिन आहे तोवर बहुधा लागेलच, पण आकडा वर्षाला एकदा बघायचा.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. गमीज कचऱ्यात गेल्या. लेक रुसली आहे, कारण तिला त्या स्ट्रॉबेरीच्या चवीसाठी हव्या होत्या, केसांचं निमित्त होतं.

आईचं कॅल्शियम आता १०.२ आहे, क्रिएटिनिन पूर्ववत. डी अजून ९६. डॉक्टर म्हणाले, उतरू दे, तोवर डी आणि कॅल्शियम दोन्ही बंद. ती आता प्रत्येक गोळीची तारीख कालनिर्णयवर पेनने गोल करून ठेवते, आणि मी गेले की मला परीक्षेचा पेपर तपासल्यासारखं दाखवते.

काल साताऱ्याहून निघताना तिच्या देवघरातल्या खणात उरलेल्या अकरा पुड्या सापडल्या. विचारलं, या अजून का ठेवल्यास? म्हणाली, 'पैसे देऊन घेतल्यात, टाकवत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे गुडघे दुखतात, त्यांना द्यायच्यात.'

सध्या त्या माझ्या पर्समध्ये आहेत. मेडिकलवाले, यांचं काय करू? परत घेतात का दुकानात?

मेडिकलवाला

सुट्या परत घेत नाही कुणी. फोडून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा, मग कचऱ्यात टाका. नुसत्या टाकू नका, गोड असतात, पोरं खातात.